ओलित, फिल्टर अन् साठवण : नागपूरकडच्या नवीन माणसानं मोजायला कुठून लागायचं

उन्हाळा लागला की काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरकडच्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो, ड्रिप टाकायचंय, कोणत्या कंपनीचं घेऊ. अन् दिवाळीच्या आसपास दुसरा, सोयाबीन भाव येईपर्यंत ठेवायचंय, कोणते कट्टे घेऊ. दोन्हीला माझं उत्तर एकच असतं, कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी, आधी एक बादली, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, एक वजनकाटा अन् शंभर पानी वही घ्या.

हे लिहितोय दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक, जे पुण्या-हैदराबादची नोकरी सोडून बाबांच्या वावरात परत आलेत अन् ज्यांना संत्र्याच्या बागेचं काहीतरी नीट करायचंय. दुसरे, कृषी अभियांत्रिकीची पोरंपोरी, ज्यांना प्रोजेक्टला "सिंचन" किंवा "साठवण" असा विषय मिळालाय पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये. ठिबक, फिल्टर, धान्यातला ओलावा यावर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत, लुधियान्याच्या काढणीपश्चात संस्थेत ढीगभर काम झालेलं आहे, पण त्यांचे आकडे त्यांच्या विहिरीचे अन् त्यांच्या मातीचे आहेत. सूत्र त्यांचं घ्या, आकडे स्वतःचे काढा.

पहिले बघा पाणी येतं किती

पंप किती एचपीचा आहे यावरून पाणी सांगू नका. पाच एचपीचा पंप विहिरीत पाणी खाली गेल्यावर अन् रात्री व्होल्टेज पडल्यावर काय देतो ते वेगळंच असतं. २०० लिटरचा ड्रम घ्या, पाइप त्यात सोडा, वेळ लावा. १०० सेकंदांत भरला तर सेकंदाला २ लिटर, म्हणजे तासाला ७,२०० लिटर. तीनदा मोजून सरासरी घ्या. पंप चालू केल्या केल्या मोजू नका, अर्ध्या तासानं मोजा, मग परत दोन तासांनी, कारण आपल्या पश्चिमेकडच्या काळ्या खडकातल्या बऱ्याच विहिरी सुरुवातीला जोरात देतात अन् मग दम तोडतात. अन् हे मोजमाप जानेवारीत एकदा केलं म्हणजे झालं असं नाही, एप्रिल-मेमध्ये परत करायचं, बाग जगवायची असते ती मेमध्ये.

मौदा, रामटेक, पारशिवनीकडे पेंचच्या कालव्यावर धान करणाऱ्यांना ड्रम कामाचा नाही, तिथे पाटात ९० अंशाची व्ही-नॉच लावायची. साध्या लोखंडी पत्र्यात काटकोनी खाच कापायची, पत्रा पाटात सरळ उभा बसवायचा, अन् खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची. पत्र्याला लागून मोजू नका, थोडं मागे मोजा, कारण खाचेजवळ पाणी खाली वाकतं. सूत्र असं: लिटर प्रति सेकंद = ०.०१३८ × उंचीचा २.५ वा घात. उंची १० सेंमी आली तर साधारण ४.४ लिटर. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

मग बघा पाणी आहे कसं

हे लोक करतच नाहीत, अन् ड्रिप बंद पडायचं अर्ध्याहून जास्त कारण इथेच असतं असं माझं मत आहे.

पारदर्शक बाटल्या घ्या, लेबल काढून टाका. पंप सुरू होताच एक भरा, पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी, पंप बंद करायच्या आधी तिसरी. झाकण लावून रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी बघा तळाशी काय बसलंय. कणकण रेती बसली असेल तर बोअर रेती ओढतेय. बारीक चिखल असून पाणी अजूनही गढूळ असेल तर तो चिकणमातीचा गाळ, तो लवकर बसत नाही. हिरवट तवंग किंवा दोरे असतील तर शेवाळ, शेततळ्याच्या अन् उघड्या विहिरीच्या पाण्यात हे हमखास. अन् भरताना काचेसारखं स्वच्छ असलेलं पाणी सकाळी लालसर झालं असेल तर पाण्यात विरघळलेलं लोह आहे, हवा लागली की ते गंजासारखं बाहेर पडतं.

हा शेवटचा प्रकार नीट समजून घ्या कारण यात लोकांचे पैसे जातात. फिल्टर जे पाण्यात तरंगतंय किंवा मिसळलंय तेच अडवतो, जे विरघळलंय ते कितीही महागाच्या फिल्टरमधून आरामात निघून जातं अन् पुढे ड्रिपरच्या तोंडाशी, जिथे हवा लागते, तिथे जाऊन बसतं. लोहाचं पाणी असेल तर आधी टाक्यात पाडायचं, उंचावरून धार सोडून हवा खाऊ द्यायची, गाळ बसू द्यायचा, मग फिल्टर. क्षाराचंही तसंच, पांढरी खपली ड्रिपरवर जमते ती बहुतेक वेळा चुना असतो, खपलीवर ऍसिडचा थेंब टाकला की फसफसतं.

एक नमुना लॅबला द्या. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळून, काठोकाठ भरून. रिपोर्टमध्ये काय बघायचं: पीएच ७ च्या खाली असेल तर ड्रिप जाम होण्याचा धोका कमी, ७ ते ८ मध्यम, ८ च्या वर जास्त. एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, २,००० च्या वर जास्त धोका. लोह ०.१ पासूनच लक्ष ठेवायचं, १.५ च्या वर गेलं तर ते टाक्याचं काम करावंच लागतं. तरंगता गाळ ५० पर्यंत बरा, १०० च्या वर वाईट. हे आकडे ठिबकवाल्या संशोधनात जगभर वापरतात. आपल्याकडच्या बऱ्याच लॅबचे रिपोर्ट मात्र पिण्याच्या पाण्याच्या किंवा जमिनीच्या हिशोबाने "योग्य" असा शिक्का मारून देतात, तो शिक्का ड्रिपसाठी नसतो, आकडेच वाचा.

फिल्टर कोणता, अन् कोणाच्या पुढे कोण

रेती असेल तर हायड्रोसायक्लोन. ते पाण्याला गरगर फिरवतं, जड कण बाजूला जाऊन खालच्या डब्यात पडतात. यात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. शेवाळ पाण्याइतकंच हलकं असतं, ते यात अडकत नाही. अन् हायड्रोसायक्लोन "मोठं घेतलं तर बरं" या हिशोबानं घ्यायची वस्तू नाही, पंपाचं पाणी कमी अन् सायक्लोन मोठं असलं की आत पाणी फिरतच नाही नीट, मग रेती सरळ पुढे. तुमचे ७,२०० लिटर तासाला असतील तर त्याच्या जवळपासच्या क्षमतेचं घ्या. काहून सांगतो, तर दुकानदार जे शिल्लक असेल ते देतो.

शेवाळ, पालापाचोळा, गाळ असेल तर वाळूचा फिल्टर, ज्याला सॅण्ड फिल्टर किंवा मीडिया फिल्टर म्हणतात. आतली वाळू संपली तर कन्हानची रेती आणून भरू नका, ती बांधकामाला चांगली. फिल्टरला एकसारख्या आकाराची, धारदार कडांची, धुतलेली सिलिका वाळू लागते, नदीच्या रेतीत बारीक-जाड सगळं मिसळलेलं असतं, मग बारीक रेती खाली उतरून पुढे जाते किंवा जाड कणांमधल्या फटींतून घाण निघून जाते.

सगळ्यात शेवटी जाळीचा नाहीतर डिस्कचा फिल्टर, हा कुठल्याही पाण्याला पाहिजेच. ठिबकला साधारण १२० मेश चालतो, म्हणजे एका इंचात १२० छिद्रं, अन् छिद्र पडतं १३० मायक्रॉनच्या आसपास. नियम असा आहे की ड्रिपरच्या आतली वाट जेवढी रुंद त्याच्या सातव्या ते दहाव्या हिश्श्यापेक्षा मोठा कण पुढे जाऊ द्यायचा नाही. एकेक कण तर निघून जातो हो, पण चार-पाच कण एकदम आले की तोंडाशी कमान करून अडकतात. शेवाळ थोडंफार पुढे येत असेल तर जाळीपेक्षा डिस्क बरा पडतो, डिस्कच्या खाचांत खोलवर घाण धरली जाते, जाळीवर शेवाळ चिकटून तिचा पापुद्रा होतो.

क्रम: हायड्रोसायक्लोन, मग वाळूचा फिल्टर, मग खताची टाकी किंवा व्हेंच्युरी (पाण्याच्या जोरावर खत ओढून घेणारी नळी), मग जाळी-डिस्क. खत वाळूच्या फिल्टरच्या आधी सोडायचं नाही, वाळूत खत मिळालं की आत जिवाणू अन् शेवाळाची मेजवानी. अन् जाळीच्या नंतरही सोडायचं नाही, न विरघळलेले खडे सरळ नळीत जातील.

शेततळ्यातून ओढत असाल तर फुटवॉल्व्ह (पंपाच्या ओढनळीच्या टोकाची झडप) तळाला टाकू नका, रिकाम्या कॅनला बांधून वरून दीड-दोन फूट खाली लटकवा. तळाशी गाळ, वर शेवाळ, मधलं पाणी सगळ्यात साफ. पन्नास रुपयांची दोरी फिल्टरचं निम्मं काम करते.

फिल्टर कधी धुवायचा? "आठवड्यातून एकदा" हे उत्तर चूक आहे, कारण पाणी दर महिन्याला बदलतं. फिल्टरच्या आत येताना अन् बाहेर जाताना दाब बघायचा. साफ असताना किती फरक आहे ते वहीत लिहून ठेवा. वाळूच्या फिल्टरमध्ये हा फरक चौरस सेंमीला ०.५ किलोच्या वर गेला की बॅकवॉश, जाळीच्या फिल्टरमध्ये साफ असतानाच्या फरकापेक्षा ०.२ किलो वाढला की धुवा. दाब मोजायचे दोन वेगळे गेज असतील तर त्यांच्यातच ०.१-०.२ चा फरक निघतो, म्हणून शक्यतो एकच गेज घेऊन आलटून पालटून दोन्ही ठिकाणी लावा.

बॅकवॉश म्हणजे पाणी उलट्या बाजूनं सोडायचं, वाळू उचलली जाते अन् घाण बाहेर. बाहेर येणारं पाणी साफ होईपर्यंत करायचं, घड्याळ बघून दोन मिनिटांत बंद करायचं नाही. बाहेर वाळूही येतेय असं दिसलं तर वॉल्व्ह थोडा दाबा. मधूनमधून वरचं झाकण उघडून वाळूत हात घाला, ढेकळं झाली असतील तर बॅकवॉशचं पाणी ढेकळांच्या बाजूबाजूनं जातं अन् आतली घाण तशीच राहते. जाळी काढून घासायची झाली तर नायलॉनचा ब्रश, तारेचा नाही. अन् जाळी फाटली असेल तर फाटकी जाळी म्हणजे फिल्टर नसल्यासारखंच, कारण गेज अगदी छान फरक दाखवतं, शून्य.

झाडाला पाणी किती

१ मिलिमीटर पाणी १ चौरस मीटरवर म्हणजे १ लिटर, बस्स, सगळा हिशोब यावर आहे.

संत्रा ६ बाय ६ मीटरवर, म्हणजे झाडाला ३६ चौरस मीटर जागा, एकरी सुमारे ११२ झाडं. उन्हाळ्यात नागपुरात उघड्या पात्रातलं पाणी दिवसाला १० मिमीच्या वर सहज उडतं. हे मोजायला वेधशाळांमध्ये गोल पात्र असतं, १२० सेंमीच्या आसपास व्यासाचं अन् २५ सेंमी खोल. १० मिमी धरून करून बघू:

१० × ०.७ (पात्राचा गुणांक, पात्रातून पाणी जास्तच उडतं म्हणून) = ७ मिमी
७ × ०.७ (मोठ्या संत्र्याच्या झाडाचा पीक गुणांक, अंदाजे) = ४.९ मिमी
४.९ × ३६ = १७६ लिटर
१७६ × ०.५ (सावलीची जागा निम्मी धरून) = ८८ लिटर
८८ ÷ ०.९ (ठिबकची कार्यक्षमता) = ९८, म्हणजे दिवसाला १०० लिटर धरा.

झाडाला ताशी ८ लिटरचे ४ ड्रिपर असतील तर तासाला ३२ लिटर, म्हणजे तीन तासांच्या वर थोडं. एकराला तासाला ३,५८४ लिटर लागतात, आपला पंप ७,२०० देतोय, म्हणजे एका वेळी दोन एकर चालतील. चार एकर असतील तर दोन पाळ्या, सहा-साडेसहा तास वीज पाहिजे. आता वीज किती तास राहते ते तुम्हाला माहीतच आहे, त्यावरून ठरवा की ड्रिप किती एकरांवर टाकायचं. लोक आधी सहा एकरांचं मटेरियल आणतात अन् मग हा हिशोब करतात.

लहान झाडाला सावली कमी, म्हणून तो ०.५ चा आकडा ०.१ किंवा ०.२ होतो, तेवढंच पाणी कमी. ढग आले, बाष्पीभवन उतरलं तर पाणी उतरवा. अन् आंबिया बहाराला (हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा) डिसेंबर-जानेवारीत ताण देताना हे गणित बाजूला ठेवायचं असतं, तिथे पाणी मुद्दाम तोडतात.

गणित झालं की मातीला विचारा. एका झाडाचं ड्रिप ठरलेले तास चालवा, दुसऱ्या दिवशी ड्रिपरच्या खाली फावड्यानं खड्डा करा अन् ओल कुठपर्यंत गेली ते टेपनं मोजा, खालीही अन् बाजूलाही. संत्र्याची खाणारी मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात, ओल चार फूट गेली असेल तर खालचं पाणी वाया. भारी काळ्या जमिनीत पाणी आडवं पसरतं अन् हळू मुरतं, ८ लिटरच्या ड्रिपरखाली डबकं साचत असेल तर ४ लिटरचे दुप्पट ड्रिपर लावा, पाणी तेवढंच, पण मुरायला वेळ मिळतो. जमिनीला भेगा पडल्या असतील तर पहिलं पाणी भेगेतून सरळ खाली जातं, त्या दिवशीच्या खड्ड्यावरून निष्कर्ष काढू नका.

खोडाला पाणी लागू द्यायचं नाही. ड्रिपर झाडाच्या घेराखाली, खोडापासून लांब. खोड ओलं राहिलं की फायटोफ्थोराची बुरशी, मग डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग), अन् डिंक्या झालेली बाग काय असते ते काटोल-वरुडवाल्यांना सांगायची गरज नाही. मोठ्या झाडाला नळीची डबल रिंग करतात ती याचसाठी, खोड कोरडं राहतं अन् मुळं सगळ्या बाजूंनी ओली.

शेवटच्या झाडाला पोचतं का

हा माझा आवडता प्रयोग कारण यात खर्च शून्य अन् निकाल लगेच. चार लॅटरल (ड्रिपर बसवलेल्या बारीक नळ्या) निवडा, पहिली, शेवटची अन् मधल्या दोन. प्रत्येकीवर चार जागा, सुरुवात, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, टोक. झाले १६ ड्रिपर. प्रत्येकाखाली डबा ठेवून बरोबर ३ मिनिटं पाणी धरा अन् मोजपात्रात मोजा. ताशी ४ लिटरचा ड्रिपर ३ मिनिटांत २०० मिली द्यायला पाहिजे.

सोळाही आकड्यांची सरासरी काढा. मग सगळ्यात कमी चार आकड्यांची वेगळी सरासरी. दुसरीला पहिलीनं भागा, गुणिले १००. समजा एकूण सरासरी १८० अन् खालच्या चारांची १३५, तर ७५ टक्के. ९० च्या वर उत्तम, ८० ते ९० चांगलं, ७० ते ८० ठीकठाक, ७० च्या खाली गेलं की दुरुस्ती. ही पद्धत १९७४ पासून वापरात आहे अन् आजही प्रोजेक्टला पुरते.

आकडे कमी आलेत ते कुठे आलेत ते बघा. सगळ्या टोकांना कमी असेल तर दाब पुरत नाहीये, नळी फार लांब आहे किंवा एका वेळी जास्त एकर चालू आहेत. इकडेतिकडे विखुरलेले असतील तर जाम झालेले ड्रिपर. एकाच लॅटरलचे चारही कमी असतील तर नळी कुठेतरी चेपलीय नाहीतर खारीनं, उंदरानं कुरतडलीय.

जाम असेल तर आधी टोकाच्या कॅप उघडून नळ्या फ्लश करा, एका वेळी थोड्याच उघडा म्हणजे जोर राहतो. चुन्याची खपली असेल तर ऍसिड. दहा लिटर पाण्याच्या बादलीत थेंबथेंब ऍसिड टाकत पीएच पट्टीनं बघा, पीएच ४ वर यायला किती लागलं ते लिहा, अन् त्याच प्रमाणात नळीसाठी हिशोब करा. ऍसिड पाण्यात टाकायचं, पाणी ऍसिडमध्ये कधीच नाही, हातमोजे अन् चष्मा घालून. शेवाळ-चिकट्यासाठी क्लोरीन, साधारण १० ते २० पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम), अर्धा-पाऊण तास नळीत ठेवून मग फ्लश. चुन्याचं पाणी असेल तर ब्लीचिंग पावडर वापरू नका, तिच्यात कॅल्शियम असतं, सोडियम हायपोक्लोराइट घ्या. अन् ऍसिड अन् क्लोरीन एकाच दिवशी, एकाच टाकीत अजिबात नको, विषारी क्लोरीन वायू निघतो, यात माणसं मरतात.

तुलना करायची तर

नवीन काही करून बघायचं असेल, समजा ड्रिपरची संख्या बदलायची, तर सगळ्या बागेत बदलू नका. काही झाडं जुन्याच पद्धतीवर राहू द्या. दोन्ही प्रकार बागेत निदान तीन-चार ठिकाणी पाहिजेत अन् कुठे कोणता ते चिठ्ठी टाकून ठरवा, नाहीतर आपण नकळत चांगल्या झाडांना नवीन प्रयोग देतो. धुऱ्यावरच्या ओळी मोजणीत घेऊ नका. अन् संत्रा एका वर्षी भरपूर अन् दुसऱ्या वर्षी कमी असा धरतो, त्यामुळे एका बहारावरून "उत्पादन वाढलं" असं स्टेटस टाकू नका बाप्पा, निदान पाण्याची बचत सांगा, ती एका वर्षात खरी मोजता येते.

अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमती आली की मगच खरेदी. केंद्राच्या योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, बाकीच्यांना ४५ टक्के, वर राज्याचा हिस्सा.

आता साठवण

इथेही मोजायचं पाणीच आहे, फक्त दाण्याच्या आतलं. सोयाबीन साधारण १० टक्के ओलाव्यावर आणून ठेवा, तूर-हरभरा ९ ते १०, गहू १० ते १२, धान १२ ते १३. हमीभावाच्या खरेदीला सोयाबीनचा निकष १२ टक्के असतो, २०२४ च्या हंगामात केंद्रानं तो १५ पर्यंत सोडला होता, पण तो विकण्यासाठी, १५ टक्क्यांचं सोयाबीन घरात ठेवलं तर गरम होऊन काळं पडणार. ऑक्टोबरात परतीचा पाऊस येतो तेव्हा हेच होतं.

मीटर नसेल तर मिठाची बाटली. कोरड्या काचेच्या बरणीत पाव बरणी दाणे, दोन-तीन चमचे तव्यावर कोरडं केलेलं मीठ, झाकण लावून हलवा अन् पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ च्या वर. नाही चिकटलं तर १५ च्या खाली आहे एवढंच कळतं, १० आहे का १४ ते कळत नाही, त्यासाठी मीटर नाहीतर कॉलेजच्या लॅबमधलं ओव्हन. डिजिटल मीटरमध्ये पीक बरोबर निवडलंय ना ते बघा, गव्हाच्या सेटिंगवर सोयाबीन मोजणारे अडतेही आहेत.

वाळवल्यावर वजन किती घटेल हे लोक चुकवतात. १६ टक्क्यांचा १०० किलो माल १२ वर आणला तर ४ किलो घटेल असं वाटतं. कोरडा भाग ८४ किलो, तो आता ८८ टक्के झाला, ८४ भागिले ०.८८ म्हणजे ९५.४५ किलो. साडेचार किलोच्या वर घट. अडत्याशी बोलताना हा अर्धा किलो लक्षात ठेवा.

बियाणं म्हणून ठेवायचं असेल तर हॅरिंग्टनचा नियम सांगतो की ओलावा १ टक्का कमी केला तर बियाण्याचं आयुष्य दुप्पट, तापमान ५ अंश कमी केलं तरी दुप्पट. नागपूरच्या मेमध्ये तापमान कमी करणं आपल्या हातात नाही, ओलावा आहे. सोयाबीनचं टरफल फार नाजूक, मळणी यंत्र ३५०-४०० फेऱ्यांच्या वर पळवू नका अन् कट्टे चार-पाचच्या वर थप्पी लावू नका, वरून आदळू तर अजिबात नका. पेरणीच्या आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा, ७० उगवले तर पेरायला चालतं.

प्रयोग करायचा असेल तर एकाच ढिगाचं धान्य नीट मिसळून तीन प्रकारांत ठेवा, गोणपाट, साधा प्लास्टिकचा कट्टा अन् हवाबंद पिशवी. हवाबंद पिशवीत दाणे अन् किडे श्वास घेऊन ऑक्सिजन संपवतात, तो ३-५ टक्क्यांच्या खाली गेला की किडे मरतात, औषध लागत नाही. पण यात विद्यार्थी दर महिन्याला तीच पिशवी उघडून नमुना काढतात, अन् मग हवाबंद राहिलं काय? जितके महिने तितक्या छोट्या पिशव्या सुरुवातीलाच भरा अन् दर महिन्याला एक उघडून संपवा.

अन् नुसतं वजन करू नका. गोणपाटातलं ५० किलो, १० टक्के ओलावा, म्हणजे ४५ किलो कोरडं. ऑगस्टमध्ये तेच पोतं ५०.५ किलो भरलं, सगळे खूश. ओलावा मोजला तर १३ टक्के, म्हणजे कोरडं राहिलं ४३.९. किलोभर भुंगेऱ्यांनी खाल्लं अन् हवेतल्या ओलीनं ते झाकलं.

पोती जमिनीवर नाही, लाकडी पाट्यांवर, भिंतीपासून फूट-दीड फूट लांब. किडे मारायच्या सेल्फॉसच्या गोळ्या राहत्या घरात नको म्हणजे नको. त्यातलं ॲल्युमिनियम फॉस्फाइड हे निर्बंध असलेलं औषध आहे, ते प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच वापरायचं, त्याच्या वायूनं झोपेत घरंच्या घरं गेल्याच्या बातम्या येतात.

संत्र्याला मात्र उलटं, त्याला वाळू द्यायचं नसतं. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात तेव्हा दोन विटांच्या भिंती अन् मधल्या साडेसात सेंमी फटीत ओली रेती असं शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधून थोडे दिवस फळ टिकवता येतं. हे आपल्या कूलरसारखंच, एप्रिलमध्ये मस्त अन् जुलैत बेकार. दोन थर्मामीटर घ्या, एकाच्या टोकाला ओलं कापड. कोरडा ४० अन् ओला २२ दाखवत असेल तर कक्ष बऱ्यापैकी थंड होईल, कोरडा ३० अन् ओला २६ असेल तर रेतीवर पाणी मारून काही उपयोग नाही. महिनाभर अन् वर ठेवायचं असेल तर खरं शीतगृह, ६-७ अंश अन् ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता, त्याहून फार थंड केलं तर सालीवर डाग पडतात.

वही घेऊन कुठे जायचं

संत्र्यासाठी अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. जमिनीच्या प्रकारासाठी त्याच रोडवरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो. कपाशीचं असेल तर वर्धा रोडला कापूस संशोधन संस्था. महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचं आहे. डाळीचं काही करायचं असेल तर अकोल्याला जाऊन पीकेव्ही (म्हणजे तेच पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) मिनी दाल मिल बघून या, विद्यापीठातलं काम गावात कसं चालतं ते कळेल.

जाताना "साहेब ड्रिप चालत नाही" असं सांगू नका. पंपाचे लिटर, पाण्याचा रिपोर्ट, फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब, सोळा ड्रिपरचे आकडे अन् खड्ड्याचा टेप लावून काढलेला फोटो, एवढं टेबलवर ठेवा. अन् जाम झालेले दोन-तीन ड्रिपर कापून पुडीत घेऊन जा, आत काय साचलंय ते तिथले लोक बघूनच सांगतात.